छाट

बाहेर त्रेचाळीस.
आत पंचवीस,
आणि तो काटा हलू नये म्हणून मला पगार.

चपला दाराबाहेर, निळी टोपी कानांवर,
काचेचं दार, मग दुसरं दार,
मग जांभूळ पिळल्यासारखा उजेड.
लाल दिवे, निळे दिवे, मध्ये दुसरं काही नाही.
फळ्यांवर बाटल्या, बाटलीत बोटभर डाळिंब,
मुळं अजून विचारात.

पहिल्या दिवशी मी घाबरले.
पानं काळी होती.
मॅडम, म्हटलं, सगळी जळाली.
बिराजदार मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं बरं आहे.
एक बाटली उचलून पॅसेजच्या खिडकीशी धरली.
हिरवीगार.
म्हणाल्या, नागमणी, लाल आणि निळा पान आवडीनं खातं,
हिरवा बराचसा परत करतं.
इथं हिरवा दिलेलाच नाही,
तर परत काय करणार?

एकोणीस वर्षं विड्या वळल्या मी.
पान ओळखते: तेंदूचं, भिजवलेलं,
कात्रीखाली गप्प.
हजार मोजून सूप पुढं सरकवायचं,
आणि कारखान्याचा माणूस मूठ मूठ उचलून
छाट काढायचा, ही वाकडी, ही सैल,
हिचे पैसे नाहीत.
जिवंत असताना ते पान काय जेवत होतं
हे मी कधी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी कुंभारीच्या बसमधून
लिंब पाहिला, बाभळी पाहिल्या,
कुणाच्या तरी डब्यातली तुळस पाहिली.
हिरवा म्हणजे पानानं काढलेली छाट.
आणि आपण त्यावर डोळे निववतो.

निळा जास्त झाला की रोप बुटकं,
दांडा जाड, पानं घट्ट,
माझ्या आईसारखं.
नुसत्या लालखाली सरसर वर जातं,
नववीतला आमचा वेणू गेला तसं,
पॅन्ट आखूड, मान पुढं.
कुणाला कोणता किती, ते मॅडमच्या वहीत.

अकरा मेला दुपारी वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
सत्तावीस.
एकोणतीस.
अंधारात पान कमवत नाही, पण खातं,
आणि उकाड्यात जास्त खातं.
हे मला कुणी शिकवायला नको होतं,
पानाचा कट्टा आला नाही त्या आठवड्यांत
आमच्याही डब्याचा तळ असाच दिसायचा.
मी आणि वॉचमन मेत्रे
स्टोअरमधल्या चादरी भिजवून
पॅसेजच्या खिडक्यांना बांधल्या.
चादरीवरचा मोर ठिबकत राहिला.
एकतीस. तेहतीस.
चौतिसाला दिवे आले, आधी निळे, मग लाल.

चार दिवसांनी मॅडमनी बाटल्या तपासल्या.
चाळीस बाजूला काढल्या.
मी विचारलं, एक नेऊ?
मरेल, म्हणाल्या.
बाटलीतल्या पानांना तोंड मिटता येत नाही,
कधी वेळच आलेली नसते.
उघड्यावर ठेवलं तर तासाभरात पाणी सांडून बसतील.

म्हणून आधी प्लास्टिकचा ग्लास उपडा घातला.
रोज थोडा कलता केला,
आधी काडीएवढा, मग बोटाएवढा.
जुन्या सुपाची सावली.
जुनी दोन पानं वाळली, तिसरं नवं आलं,
पांढऱ्या उन्हात, कुणी रंग न निवडलेल्या.

सकाळी दहाला हात लावते, गार असतं.
दुपारी दोनला लावला, कोमट.
मॅडमना फोन केला. म्हणाल्या,
तोंड मिटलं असेल त्यानं. पाणी वाचवतंय.
कमाई बंद, मग?
हो. ऊन उतरेपर्यंत.

पलीकडं यलगुलवारांच्या दारात
चौघी सूप मांडीवर घेऊन बसल्यात.
त्यांचे हात चालूच.
मी रोपाला पाणी घातलं नाही, संध्याकाळी घालीन.
दार लोटून घेतलं.